लोणावळ्याची प्रयोगशाळा : श्वासापासून मेंदूपर्यंत

लोणावळ्यात मनाच्या अभ्यासाला यंत्रांची जोड मिळाली ती १९२४ मध्ये. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात जगन्नाथ गणेश गुणे ऊर्फ स्वामी कुवलयानंद यांनी तेथे कैवल्यधाम ही संस्था स्थापन केली आणि ‘योग मीमांसा’ हे इंग्रजी त्रैमासिक सुरू केले. त्याच वर्षी जर्मनीतील येना येथे हान्स बेर्गर यांनी माणसाच्या डोक्यावरून मेंदूतील विजेची स्पंदने प्रथम टिपली. ती नोंद प्रसिद्ध व्हायला मात्र १९२९ उजाडले. या दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध नव्हता. बेर्गर यांचे यंत्र योग्यांच्या डोक्यापर्यंत पोहोचायला पुढे तीन दशके लागली, आणि तोवर लोणावळ्यात मनाकडे जायचे ते पोट आणि फुप्फुसे यांच्या वाटेने.

लोणावळ्याभोवतीच्या मावळ परिसराला ध्यानधारणा नवी नव्हती. भाजे येथील लेण्यांची सुरुवात इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातली. तेथील विहारांत भिक्षूंसाठी दगडात कोरलेले ओटे अजून आहेत. कार्ले आणि बेडसे ही लेणीही याच परिसरात. पण कुवलयानंदांच्या कामाचे नाते लेण्यांपेक्षा रेल्वेशी अधिक होते. बोरघाटातून लोहमार्ग १८६३ मध्ये सुरू झाला आणि मुंबईचा डॉक्टर, देणगीदार किंवा रुग्ण काही तासांत लोणावळ्याला येऊ लागला. आश्रमाची शांतता आणि महानगराचा शेजार ही दोन्ही एकाच ठिकाणी हवी असतील, तर लोणावळ्याहून सोयीचे गाव त्या काळी मुंबई इलाख्यात क्वचितच होते.

कुवलयानंदांचा जन्म १८८३ मध्ये गुजरातमधील डभोई येथे झाला. बडोद्याच्या जुम्मादादा व्यायामशाळेत प्राध्यापक माणिकराव यांच्या हाताखाली ते शरीरसाधनेत तयार झाले, काही काळ अमळनेर येथे शिक्षक होते आणि योगाची दीक्षा त्यांना नर्मदाकाठच्या मालसर येथील परमहंस माधवदासजींकडून मिळाली. लोणावळ्याला येण्यापूर्वीच त्यांनी बडोद्यात उड्डीयान आणि नौली या पोटाच्या क्रियांचे प्रयोग केले होते. क्ष-किरणांनी पोटाच्या पोकळीत काय घडते ते पाहिले गेले. पाऱ्याच्या दाबमापकाने नौलीच्या वेळी मोठ्या आतड्यातील दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो असे आढळले. या निर्वाताला त्यांनी गुरूचे नाव दिले : ‘माधवदास निर्वात’. पाऱ्याच्या नळीवर गुरूचे नाव कोरणारी ही निष्ठा आणि त्याच नळीवरचा आकडा जसाचा तसा छापणारा काटेकोरपणा, ही दोन्ही त्यांच्या कामात शेवटपर्यंत एकत्र नांदली.

प्राणायामाने शरीराला प्राणवायू जास्त मिळतो, हा तेव्हाचा आणि आजचाही लाडका समज. उच्छ्वासातील हवेचे मापन करून कुवलयानंदांनी तो नाकारला. प्राणायामाचे खरे मोल मज्जासंस्थेवरील परिणामात शोधले पाहिजे, अशी त्यांची मांडणी होती. आसनांनाही त्यांनी स्नायू फुगवण्याचा व्यायाम मानले नाही. पाठीचा कणा, मज्जातंतू आणि अंतःस्रावी ग्रंथी यांच्यासाठीची ती योजना आहे, असे ते मानत. मेंदूत थेट डोकावण्याचे साधन हाताशी नसताना घेतलेली ही दिशा होती. ग्रंथींविषयीचे त्यांचे काही दावे पुढे टिकले नाहीत, पण रोख बदलला तो बदललाच.

मनाच्या कामाची थेट परीक्षा घेतली ती कोवूर बेहनन यांनी. मूळचे केरळचे, अमेरिकेत येल विद्यापीठात मानसशास्त्र शिकलेले बेहनन १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला कुवलयानंदांकडे योग शिकायला आले. १९३७ मध्ये त्यांचे पुस्तक निघाले. प्रयोगासाठी माणूस एकच, ते स्वतः. प्राणायामाच्या आधी आणि नंतर त्यांनी स्वतःला बेरजा करायला, रंग ओळखायला लावले. अपेक्षा अशी की डोके तल्लख होईल. झाले उलट : प्राणायामानंतर थोडा वेळ ही कामे मंदावली. त्याच वेळी मनाला सुखद शैथिल्य येते आणि भावना स्थिर होतात, असेही त्यांनी नोंदवले. प्राणवायूच्या प्रश्नावर तर त्यांचे आकडे लोणावळ्याच्या आकड्यांशी जुळले नाहीत. उज्जायी प्राणायामात प्राणवायूचा वापर सुमारे २४ टक्क्यांनी वाढतो, असे त्यांना आढळले. एकाच माणसावरचा प्रयोग म्हणून त्याची मर्यादा उघड आहे. तरीही लोणावळ्याशी जोडलेल्या त्या काळच्या कामात डोके मंदावण्याचा हा निष्कर्ष सर्वांत मोलाचा मानावा लागतो, कारण तो कोणाच्याच सोयीचा नव्हता.

निवांत मन मंद का होते, हे समजायला प्रेरणेचे शास्त्र उभे राहावे लागले. १९५४ मध्ये कॅनडातील मॅकगिल विद्यापीठात जेम्स ओल्ड्स आणि पीटर मिल्नर यांना असे आढळले, की मेंदूच्या ठरावीक भागात विजेचा हलका झटका मिळवण्यासाठी उंदीर पुन्हापुन्हा कळ दाबत राहतो. पुढे या यंत्रणेत डोपामिन या रसायनाची भूमिका स्पष्ट झाली. १९९०च्या दशकात वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांवर केलेल्या प्रयोगांत दिसले, की डोपामिनच्या पेशी बक्षिसालाच नव्हे, तर अपेक्षेपेक्षा वेगळे काही घडण्याला प्रतिसाद देतात. बक्षिसाची खूण एकदा शिकली गेली, की प्रतिसाद खुणेकडे सरकतो. लोणावळे स्टेशनात गाडी शिरताना चिक्कीवाल्याची हाक ऐकूनच हात खिशाकडे जातो. चिक्की तोंडात पडायची असते, पण मेंदूचा हिशेब हाकेलाच सुरू झालेला असतो. शिकणे, हवेसे वाटणे आणि निवड करणे या तीन गोष्टी अशा एकाच साखळीत येतात. कपाळामागचा भाग पुढचा विचार करून त्या ओढीला आवर घालतो. रोज केलेली कृती मेंदूच्या खोल भागातील केंद्रांकडे सोपवली जाऊन सवय बनते. साधक ज्याला ‘अभ्यास’ म्हणतात, त्यातला मोठा भाग हा असा सोपवणुकीचा असतो.

१९५०च्या दशकात परदेशी शास्त्रज्ञ मेंदूलेखनाची यंत्रे घेऊन भारतात आले. बी. के. बागची आणि एम. ए. वेंगर यांनी देशभर फिरून योग्यांच्या नोंदी घेतल्या. त्यांच्यासोबत काम केलेल्या, दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेच्या बी. के. आनंद यांनी सहकाऱ्यांसह १९६१ मध्ये दाखवले, की दोन योगी चार अंश तापमानाच्या पाण्यात ४५ ते ५५ मिनिटे हात बुडवून बसले तरी त्यांच्या मेंदूच्या, शांत अवस्थेत दिसणाऱ्या अल्फा लहरी मोडल्या नाहीत. लोणावळ्यात १९६०च्या दशकात कैवल्यधामातील विनेकर, करंबेळकर आणि भोळे यांनी भूगर्भसमाधीचा, म्हणजे जमिनीखाली बंद होऊन राहण्याचा, प्रश्न हाती घेतला. हवाबंद खड्डा बांधून त्यात योग्यांबरोबर साधी माणसेही बसवण्यात आली आणि वायूंचे प्रमाण मोजण्यात आले. जत्रेतल्या चमत्काराशेजारी सामान्य माणूस तुलनेला बसवणे, ही या प्रयोगाची खरी करामत. कुवलयानंद १९६६ मध्ये निवर्तले. खड्ड्याच्या प्रयोगांचे निष्कर्ष त्यानंतर प्रसिद्ध झाले.

बेहनन यांच्या मंदावलेल्या बेरजांना साजेसे चित्र २००२ मध्ये कोपनहेगनहून आले. योगनिद्रेत असलेल्या आठ साधकांच्या मेंदूचे चित्रण केल्यावर डोपामिनचे प्रमाण सुमारे ६५ टक्क्यांनी वाढल्याचा अंदाज निघाला, तोही प्रेरणेशी संबंधित भागात. आणि साधकांची काही करण्याची इच्छा मात्र घटलेली होती. डोपामिन वाढले की माणूस धावतो, ही ढोबळ समजूत त्यामुळे अडचणीत येते. आठ माणसांचा अभ्यास लहानच, पण बेहनन यांच्या एका माणसापेक्षा आठपट मोठा.

श्वास आणि मेंदू यांचा दुवा २०१६ मध्ये शिकागोजवळच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात आणखी थेट तपासला गेला. नाकाने श्वास आत घेताना मेंदूतील वास, भावना आणि स्मृती यांच्या भागांतील लहरी श्वासाच्या लयीत येतात, त्या क्षणी भेदरलेला चेहरा माणूस लवकर ओळखतो आणि पाहिलेली वस्तू जास्त चांगली आठवतो. तोंडाने श्वास घेतला की हा परिणाम उरत नाही. प्राणायामाचे बहुतेक प्रकार नाकानेच करायचे असतात. आणि १९२४ मध्ये सुरू झालेले ‘योग मीमांसा’ आजही कैवल्यधामातून निघते.