मूल गेल्यानंतर मैत्रीचा आधार का लागतो आणि तो कसा मिळतो?

९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडारा जिल्हा सामान्य रुग्णालयातल्या नवजात बालकांच्या कक्षात आग लागली. आत १७ बाळं होती. ७ वाचली, १० दगावली. प्रत्येक कुटुंबाला ५ लाखांची मदत जाहीर झाली, रुग्णालयांच्या फायर ऑडिटवर चर्चा झाली. पण रिकाम्या हाताने गावी परतलेल्या आईशी नंतर कोण बोलतं, हा प्रश्न बातम्यांमध्ये फारसा येत नाही.

१ मे १९९९ पर्यंत भंडाऱ्याचाच भाग असलेल्या गोंदिया जिल्ह्यातही हा प्रश्न तेवढाच खरा आहे. बहुतेक बालमृत्यू अशा मोठ्या दुर्घटनेत होत नाहीत. ते एकेका घरात, कुणाला फारसं न कळता होतात.

हे दुःख एकटं का पडतं?

घरातलं वडीलधारं माणूस गेलं, तर तेरा दिवस घर माणसांनी भरलेलं असतं. तान्ह्या बाळाचं तसं होत नाही. अनेक हिंदू समाजांमध्ये अगदी लहान बाळाला दहन न करता पुरतात आणि दहावं-तेरावंही करत नाहीत. म्हणजे लोकांनी येऊन बसण्यासाठी ठरलेले दिवसच नसतात. दोन-चार दिवसांत "लहान आहेस, दुसरं होईल" हे वाक्य ऐकू येऊ लागतं. समाज ज्याला दुःख म्हणून पुरती मान्यता देत नाही, अशा दुःखावर अमेरिकन अभ्यासक केनेथ डोका यांनी १९८९ मध्ये पुस्तक काढलं. तान्ह्या बाळाचा मृत्यू हे त्याचं अगदी जवळचं उदाहरण.

घरच्यांचा आधार असतोच, पण तेही कोलमडलेले असतात. नवरा-बायको एकमेकांसमोर रडायचं टाळतात. काही घरांत "वेळेवर दवाखान्यात का नेलं नाही" असा दोष आईच्याच माथी येतो. अशा वेळी घराबाहेरचं, पण आपलं असं माणूस लागतं.

शरीराचाही एक प्रश्न असतो, त्याबद्दल फारसं बोललं जात नाही. बाळ गेलं तरी आईला दूध येतं. छाती भरून येते, दुखते, कधी ताप येतो. हे सासूला किंवा नवऱ्याला सांगायची लाज वाटते, मैत्रिणीला सांगता येतं. थंड पाण्याच्या घड्या ठेवणं, फार दुखल्यास थोडंसं दूध काढणं आणि ताप आला तर डॉक्टरांकडे जाणं एवढं तरी तिला कुणीतरी सांगायला हवं.

दोन आई-बापांची ओळख

१९६८ मध्ये इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्री शहरात एकाच रुग्णालयात दोन मुलं दाखल होती. बिली हेंडरसनला कर्करोग होता. केनेथ लॉली सायकलवरून शाळेत जाताना अपघातात जखमी झाला होता. दोघंही वाचली नाहीत. लॉली दांपत्याने हेंडरसन यांना फुलं पाठवली. पुढे चौघं चहाला भेटले आणि आपापल्या मुलाबद्दल बोलत राहिले.

रुग्णालयातले तरुण धर्मोपदेशक सायमन स्टीफन्स यांच्या लक्षात आलं, की हे चौघं एकमेकांना जे देत आहेत ते आपल्याला देता येत नाही. त्यातून १९६९ मध्ये 'द कंपॅशनेट फ्रेंड्स' ही संस्था उभी राहिली आणि नंतर अनेक देशांत पसरली.

या संस्थेच्या अमेरिकेतल्या पालकांसोबत डेनिस क्लास यांनी बरीच वर्षं अभ्यास केला. दुःखातून सावरायचं तर गेलेल्या माणसापासून मन सोडवून घ्यावं, असं तोवर मानलं जाई. हे पालक मात्र मुलाशी असलेलं नातं वेगळ्या रूपात जपत होते आणि तरीही जगण्यात परतत होते. १९९६ मध्ये क्लास आणि सहकाऱ्यांनी यावर पुस्तक काढलं. थोडक्यात, "विसरून जा" हा सल्ला चुकीचा आहे.

गोंदियात ही मैत्री कुठे भेटते?

त्यासाठी संस्थाच हवी असं नाही. देवरी किंवा सालेकसा तालुक्यातून गोंदियाच्या दवाखान्यात आलेल्या आया बाळासाठी दिवसेंदिवस कक्षाबाहेर बसतात. तिथे शेजारी बसलेल्या बाईशी जी ओळख होते, ती अनेकदा माहेरच्या माणसांपेक्षा जवळची ठरते. ही ओळख टिकवायला फोन नंबर घेतला तरी पुरतं. गावात धानाच्या रोवणीला बाया गटाने जातात, महिन्याला बचत गटाची बैठक होते. बाळ गेलेल्या बाईला "तू राहू दे, घरीच बस" म्हणून यातून वगळणं प्रेमापोटी होतं, पण त्याने ती आणखी एकटी पडते. "चलतेस का?" असं विचारावं आणि नाही म्हणाली तर पुढच्या आठवड्यात पुन्हा विचारावं.

जिल्ह्याला लागून असलेल्या छत्तीसगडमध्ये तर मैत्री विधीपूर्वक जोडतात. त्याला 'मितान' म्हणतात. मितानच्या घरचं सुख-दुःख हे आपल्याच घरचं मानलं जातं.

पुरुषांचं काय? बाप चौथ्या दिवशी कामावर जातो आणि पानठेल्यावर मित्र क्रिकेटबद्दल बोलतात. विषय काढला तर तो रडेल अशी त्यांना भीती असते. रडला तरी बिघडत नाही. बाळाचं नाव ठेवलं असेल तर ते नाव घ्यावं, वाढदिवसाची आणि गेल्याची तारीख लक्षात ठेवावी. "काही लागलं तर सांग" म्हणण्यापेक्षा डबा घेऊन जावं.

मैत्री कधी पुरेशी नसते?

डेन्मार्कमधल्या एका मोठ्या अभ्यासात (२००३) मूल गमावलेल्या आयांमध्ये मृत्यूचं प्रमाण इतर आयांपेक्षा जास्त आढळलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या नव्या वर्गीकरणात 'दीर्घकाळ टिकणारा शोक' ही वेगळी नोंद आहे. सहा महिन्यांहून अधिक काळ माणूस रोजची कामंही करू शकत नसेल, तर उपचार लागू शकतात. जीव द्यायची भाषा येत असेल, तर एक दिवसही थांबू नये. केंद्र सरकारची 'टेली मानस' सेवा १४४१६ या क्रमांकावर मोफत आणि चोवीस तास सुरू असते, तिथे मराठीतही बोलता येतं. दुःखातल्या माणसाच्या हातून फोन लागत नाही, तेव्हा शेजारी बसून नंबर मैत्रिणीनेच लावावा.