छोटा लॅपटॉप घ्यायचा, पण किती छोटा? सदरच्या दुकानात जाण्याआधी हे वाचा

बारावीचा निकाल लागतो, प्रवेशाच्या याद्या येतात आणि घराघरांत लॅपटॉपचा विषय निघतो. मोमिनपुरा, जाफरनगर, ताजबाग, टेका इथून कितीतरी मुलं-मुली शिकायला सदरला येतात. मंगळवारी बाजार रोडवर १९९९ पासूनचं अंजुमन अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, याच भागात १९१४ पासूनचं शासकीय तंत्रनिकेतन आहे. बस, शेअर ऑटो किंवा दुचाकीवर रोजचं जाणं-येणं असतं, पाठीवर पुस्तकं, डबा आणि पाण्याची बाटली असते. म्हणून मुलं म्हणतात, "अम्मी, हलकाच घ्या."

मागणी चुकीची नाही. पण आपल्या बहुतेक घरांत लॅपटॉप एकच येतो आणि तो चार-पाच वर्षं चालवायचा असतो. दिवसा तो कॉलेजात जातो, संध्याकाळी अब्बू त्यावर दुकानाची बिलं करतात, रात्री धाकटा त्यावर क्लासचे व्हिडिओ बघतो. वजन कमी करायच्या नादात जर असा लॅपटॉप आला की ज्यावर दोन तास बसून टायपिंग होत नाही, तर तो कपाटातच राहतो. आमच्या मते साधा नियम असा: जिथे उचलायचा तिथे छोटा असावा, जिथे बोटं आणि डोळे लागतात तिथे पुरेसा मोठा असावा.

ही अडचण जुनीच आहे

छोटा लॅपटॉप करायची धडपड तीस वर्षांची आहे. १९९६ साली तोशिबाने लिब्रेटो काढला. वजन सुमारे ८४० ग्रॅम, पडदा ६.१ इंचाचा. खिशात मावेल असं कौतुक झालं, पण त्या कीबोर्डवर मोठ्या माणसाची बोटं अडखळायची. २००७ मध्ये असुसचा ई-पीसी आला. पडदा ७ इंच, वजन एक किलोच्या आत. स्वस्त होता म्हणून खूप खपला, पण वेबपेज पूर्ण दिसायला आडवं सरकवावं लागायचं. २००८ मध्ये अॅपलचा पहिला मॅकबुक एअर आला तेव्हा कंपनीने वेगळा रस्ता धरला. पडदा १३.३ इंच आणि कीबोर्ड पूर्ण मापाचा ठेवला, फक्त जाडी आणि वजन कमी केलं. वजन १.३६ किलो होतं. आज बाजारात दिसणारे बहुतेक हलके लॅपटॉप याच रस्त्याने आले आहेत. धडा इतकाच की लांबी-रुंदी फार कापली की वापर बिघडतो. जाडी कमी झाली तर हाताला फरक पडत नाही.

वजन कसं मोजायचं

दुकानदार फक्त लॅपटॉपचं वजन सांगतो. पण पाठीवर चार्जरही असतो. म्हणून दोन्ही धरून बेरीज करा. १४ इंचाचे चांगले हलके लॅपटॉप साधारण १.२ ते १.५ किलोचे असतात. त्यासोबत छोटा टाइप-सी चार्जर असेल तर एकूण वजन पावणेदोन किलोच्या आत बसतं. १५.६ इंचाचा साधा लॅपटॉप आणि त्याचा मोठा चार्जर मिळून दोन किलोच्या वर जातो. एक किलोच्या आतले लॅपटॉपही मिळतात, पण शेवटच्या दोनशे ग्रॅमसाठी पैसे फार जास्त मोजावे लागतात. तेवढं वजन तर पाण्याची बाटली थोडी कमी भरली तरी वाचतं.

पडदा: इंचापेक्षा आकार बघा

१४ इंचाचे दोन लॅपटॉप सारखे नसतात. जुन्या लांबट आकाराच्या, म्हणजे १६:९ च्या पडद्याची उंची सुमारे १७.४ सेंटीमीटर भरते. १६:१० च्या पडद्याची उंची १८.८ सेंटीमीटरच्या आसपास असते. हा जवळजवळ दीड सेंटीमीटर म्हणजे पानावरच्या तीन-चार ओळी.

आपल्या घरात याला जास्त महत्त्व आहे. मराठीत वर वेलांटी, खाली उकार आणि मधे जोडाक्षरं. उर्दूची नस्तालीक लिपी तर तिरकी उतरते, तिला दोन ओळींत जागा जास्त लागते. इंग्रजीला पुरेल तेवढा पडदा मराठी-उर्दू वाचायला अपुरा वाटू शकतो. दुकानातच एक मराठी आणि एक उर्दू पान उघडून बघा. अक्षरं मोठी केल्यावर किती ओळी उरतात ते मोजा. आमचा सल्ला असा की घरातला एकमेव लॅपटॉप असेल तर १३ इंचाच्या खाली जाऊ नका, १४ इंच १६:१० मिळाला तर उत्तम.

कीबोर्ड: सोबत पट्टी न्या

पूर्ण मापाच्या कीबोर्डवर एका बटणाच्या मध्यापासून शेजारच्या बटणाच्या मध्यापर्यंत सुमारे १९ मिलिमीटर अंतर असतं. मुलाच्या कंपासपेटीतली पट्टी पुरेशी नसेल, ३० सेंटीमीटरची न्या. क्यू बटणाच्या मध्यापासून पी बटणाच्या मध्यापर्यंत मोजा. १७ सेंटीमीटरच्या आसपास भरलं तर कीबोर्ड पूर्ण आहे. १६ च्या आत आलं तर रोजच्या कामाला त्रास होणार.

दुसरी गोष्ट फारसं कुणी सांगत नाही. जागा वाचवायची म्हणून कंपन्या बहुधा उजव्या कडेची बटणं अरुंद करतात. इंग्रजी लिहिणाऱ्याला ती क्वचित लागतात, म्हणून त्याला कळतही नाही. पण इन्स्क्रिप्टने मराठी टाइप करणाऱ्याची अक्षरं नेमकी तिथेच बसलेली आहेत. अर्धविरामाच्या बटणावर च, त्याच्या शेजारी ट, पी च्या शेजारी चौकोनी कंसावर ड, आणि त्या ओळीच्या टोकाला ॉ. म्हणजे 'चटणी', 'डॉक्टर' किंवा खुद्द 'लॅपटॉप' लिहितानाच बोट चुकणार. घरात कुणी मराठी टायपिंगची परीक्षा देणार असेल, तर ही बटणं दाबून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

बॅटरी आणि नागपूरचं ऊन

"दहा तास चालतो" या वाक्यावर जाऊ नका. बॅटरीची ताकद वॉट-अवरमध्ये लिहिलेली असते, तो आकडा विचारा. साध्या कामाला लॅपटॉप ताशी ८ वॉट खात असेल तर ५६ वॉट-अवरची बॅटरी सात तास जाते. व्हिडिओ कॉल आणि पडद्याचा उजेड वाढला की वेळ कमी होतो. कॉलेजचा दिवस चार्जरशिवाय काढायचा असेल तर ५० च्या खालची बॅटरी घेऊ नका.

आपल्याकडे दुसरा प्रश्न उन्हाचा. अॅपल आपले लॅपटॉप १० ते ३५ अंश तापमानात वापरायला सांगते. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. पातळ लॅपटॉपमध्ये हवा खेळायला जागा कमी असते. मॅकबुक एअरसारख्या काही लॅपटॉपना पंखाच नसतो. त्यांचा आवाज होत नाही, पण फार तापले की ते स्वतःच वेग कमी करतात. कूलर नसलेल्या खोलीत दुपारी जड काम होणार असेल तर पंखा असलेला लॅपटॉप बरा. गादीवर ठेवून वापरू नका, खालची जाळी बंद होते. आणि दुचाकीच्या डिक्कीत उन्हात ठेवणं तर अजिबात नको. उष्णतेने बॅटरी लवकर म्हातारी होते.

पोर्ट आणि मेमरी

झेरॉक्सच्या दुकानात पेनड्राइव्ह लागतो, सेमिनारला प्रोजेक्टरची केबल लागते. लॅपटॉपला फक्त टाइप-सी असेल तर वेगळा हब घ्यावा लागेल, तो घरी विसरणार हेही धरून चला. एक साधा यूएसबी आणि एक एचडीएमआय असलेला मिळाला तर तो निवडा.

पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बहुधा बोर्डालाच जोडलेली असते, नंतर वाढवता येत नाही. म्हणून पहिल्याच दिवशी १६ जीबी घ्या. स्टोरेज नंतर बाहेरून जोडता येतं, रॅम नाही.

शाखा बघून निवड

कला, वाणिज्य, डी.एड., कायदा किंवा कॉम्प्युटरची सुरुवातीची वर्षं, यांना हलका लॅपटॉप छान पुरतो. मेकॅनिकल आणि सिव्हिलवाल्यांनी आधी विभागात विचारावं. सॉलिडवर्क्स आणि रेव्हिट ही सॉफ्टवेअर विंडोजसाठीच बनतात, मॅकवर थेट चालत नाहीत. स्नॅपड्रॅगन प्रोसेसरचे लॅपटॉप बॅटरीला चांगले, पण काही जुनी सॉफ्टवेअर आणि प्रिंटर त्यावर अडतात. घरच्या प्रिंटरचं मॉडेल लिहून न्या.

आखाती देशातून आलेला किंवा जुना

दुबई-सौदीहून येणारे मामू-चाचू लॅपटॉप आणतात. १८ वर्षांवरील प्रवाशाला एक लॅपटॉप कस्टम ड्युटीशिवाय आणता येतो. पण सांगण्याआधी दोन गोष्टी विचारा. वॉरंटी भारतात चालेल का, आणि कीबोर्डवर अरबी अक्षरं असली तर चालेल का. चार्जरचा प्लग तीन चौकोनी पिनांचा असतो, म्हणून केबल बदलावी लागेल.

बजेट कमी असेल तर ऑफिसांतून निघालेले थिंकपॅड, लॅटिट्यूड, एलिटबुक बघा. कीबोर्ड चांगले असतात. मात्र इंटेलचा आठव्या पिढीच्या आधीचा प्रोसेसर घेऊ नका. त्यावर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही, आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोजमधून बॅटरी रिपोर्ट काढायला लावा. त्यात मूळ क्षमता आणि आजची क्षमता असे दोन आकडे येतात. आजचा आकडा मूळच्या ७० टक्क्यांखाली असेल तर नव्या बॅटरीची किंमत कमी करून घ्या.

'नो कॉस्ट ईएमआय'चं काय?

व्याज टाळणाऱ्या कुटुंबांनी हे नीट समजून घ्यावं. बहुतेक वेळा बँक हप्त्यात व्याज लावतेच आणि विक्रेता तेवढी सूट किमतीत देतो. कार्डाच्या स्टेटमेंटवर व्याज आणि त्यावरचा जीएसटी वेगळा दिसतो, प्रोसेसिंग फीही असू शकते. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना सांगितलं होतं की शून्य टक्के व्याज अशी गोष्टच नसते. कागदावर असं असतं. त्याचा शरई हुकूम काय, ते आपल्या भरवशाच्या आलिमांना विचारा. चिठ्ठीने चालणारी, बोली न लावणारी घरातली भिशी किंवा मागच्या वर्षीचं मॉडेल रोखीने, हे दोन सरळ मार्ग आहेत.

दुकानात पंधरा मिनिटं

जो रोज वापरणार त्याला सोबत न्या, मुलगी वापरणार असेल तर मुलीला. तिच्या नेहमीच्या बॅगेत लॅपटॉप आणि चार्जर घालून दुकानात दोन चकरा मारायला सांगा. मग उभ्याने नाही, खुर्चीवर बसून एक पान मराठी टाइप करायला सांगा. पट्टी लावा, मराठी-उर्दू पान उघडा, वॉट-अवर आणि रॅम विचारा, पक्कं बिल घ्या. दुकानदार बसू देत नसेल तर दुसरं दुकान बघा. चार वर्षं तिला त्यावर लिहायचं आहे, पंधरा मिनिटं तिची आहेत.