अंथरूण ओलं झालं की वाजणारी घंटा

आजचा विषय जरा नाजूक आहे, पण अनेक घरांतला: मुलाला रात्री झोपेत शू होते. याच्या इतिहासात उपाय भरपूर सापडतात, बिचारं मूल मात्र प्रत्येक वेळी भरडलं जातं.

पहिल्या शतकातला रोमन लेखक प्लिनी सांगतो, मुलाला उकडलेला उंदीर खाऊ घाला. १५४०च्या दशकात इंग्लंडमध्ये थॉमस फेअर यांनी बालरोगांवर पुस्तक लिहिलं. त्यात औषध काय, तर कोंबड्याची श्वासनलिका जाळून केलेली पूड!

आणि औषध नसेल तिथे मार. १९११ साली आठ वर्षांचा जॉर्ज ऑर्वेल (जन्म आपल्या बिहारमधल्या मोतिहारीचा) इंग्लंडमध्ये बोर्डिंग शाळेत गेला. घर सुटलं आणि तो पुन्हा अंथरूण ओलं करू लागला. हेडमास्तरांनी त्याला छडीनं झोडपलं. पुढे एका निबंधात त्यानं सांगितलंय, की आपण मुद्दाम न केलेली गोष्टही पाप ठरू शकते, हे त्याला तिथे कळलं.

गंमत म्हणजे, त्याआधीच, १९०४ मध्ये, खरी वाट सापडली होती, तीही चुकून. बालरोगतज्ज्ञ फॉन फाउंडलर यांनी वॉर्डातल्या गाद्यांखाली विजेची घंटा जोडली. ओल लागली की सर्किट पूर्ण, घंटा चालू. ही सोय नर्सेससाठी होती, चादर लगेच बदलता यावी म्हणून. आमच्या भाषेत, निव्वळ मॉनिटरिंग अलर्ट! पण हळूहळू मुलांचं अंथरूण ओलं करणंच कमी झालं. १९३८ मध्ये अमेरिकेत मावरर दांपत्यानं ३० मुलांवर हीच पद्धत वापरली आणि सगळी मुलं बरी झाल्याचं नोंदवलं.

१९९५ मध्ये डॅनिश कुटुंबांच्या अभ्यासात याचा धागा तेराव्या गुणसूत्रापर्यंत पोचला. म्हणजे पुष्कळदा हे आईबाबांकडूनच आलेलं असतं. आळस नाही, हट्ट नाही.

तो अलार्म आजही वापरात आहे. गुण यायला दोन-तीन महिने लागू शकतात, आणि सुरुवातीला घंटेनं मूल उठत नाही, आपल्यालाच उठून त्याला जागं करावं लागतं. मूल पाच वर्षांपुढचं असेल आणि त्रास होत असेल तर डॉक्टरांशी बोला. बरेच महिने कोरडं राहून पुन्हा सुरू झालं, दिवसाही होतंय, जळजळतंय किंवा तहान फार लागतेय, तर थांबूच नका.

तोवर सकाळी चादर बदलताना आवाज चढवू नका, एवढं कराच. भेटू पुढच्या भागात!