पिण्याचे पाणी : दैनिक प्रमाण (वऱ्हाड)

निरोगी प्रौढाला दिवसभरात लागणारे आणि अपाय न होता पिता येणारे पाणी. अमरावती, अकोला व बुलढाणा या जिल्ह्यांत हा हिशेब दोन कारणांनी बदलतो : उन्हाळा आणि पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा, म्हणजे खाऱ्या विहिरींचा पट्टा. लिटरमध्ये सांगितलेली प्रत्येक शिफारस पाणी गोडे आहे असे धरून चालते. वऱ्हाडात आधी पाणी कोणते, हे विचारावे लागते.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या आहारविषयक मार्गदर्शनात सामान्य माणसासाठी सुमारे आठ ग्लास, म्हणजे दोन लिटर पाणी सांगितले आहे; कडक उन्हाळ्यात व अंगमेहनतीत ते वाढवावे, अशी जोडही त्याला आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय अकादमीने २००४ मध्ये पुरुषांसाठी ३.७ व स्त्रियांसाठी २.७ लिटर हे प्रमाण दिले, पण त्यात वरण, भाजी, फळे, चहा, ताक असे सगळ्यांतून मिळणारे पाणी धरलेले आहे. हे न पाहता तेवढे लिटर नुसते पाणीच पिण्याचा आग्रह धरणे ही शहरी हौस म्हणावी लागेल. निरोगी माणसाला तहान बहुतेक वेळा बरोबर सांगते आणि लघवीचा फिका पिवळा रंग तिला दुजोरा देतो. वयस्कर माणसांची तहान मंदावते, त्यांना आठवण करून द्यावी लागते.

वरची मर्यादा दिवसापेक्षा तासावर अवलंबून असते. निरोगी मूत्रपिंडे तासाला साधारण ०.८ ते १ लिटर पाणी बाहेर टाकू शकतात. त्याहून जास्त पाणी तासन् तास घेतल्यास रक्तातील सोडियम पातळ होते. मळमळ, डोकेदुखी, गोंधळलेपणा, झटके आणि क्वचित मृत्यू असा त्याचा क्रम असतो. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये रक्त तपासलेल्या ४८८ धावपटूंपैकी १३ टक्के जणांचे सोडियम कमी आढळले होते. धावताना वजन वाढलेल्यांत, म्हणजे घामापेक्षा जास्त प्यालेल्यांत, हा धोका अधिक होता.

वऱ्हाडातला धोका बहुधा याच्या उलट असतो. २०२० च्या मे अखेरीस अकोल्यात पारा ४७ अंश सेल्सिअसच्या वर गेला होता. अशा उन्हात राबणाऱ्याच्या अंगातून तासाला लिटरभर घाम सहज जातो. उष्ण जागी काम करणाऱ्यांनी दर १५ ते २० मिनिटांनी पेलाभर पाणी घ्यावे, मात्र तासाला सुमारे दीड लिटरच्या पुढे जाऊ नये, असा व्यावसायिक आरोग्याचा दंडक आहे. निंदणाला जाणाऱ्या बाया दिवसभर कमी पाणी पितात, कारण शेतात आडोसा नसतो. लघवीची जळजळ आणि मुतखडा यांच्या चर्चेत हे कारण फारसे येत नाही, ते यायला हवे. घाम फार गेला असेल तर ताक किंवा कैरीचे पन्हे योग्य. पाणी खारे असेल, तर त्यात वरून मीठ घालू नये.

खारपाणपट्टा दर्यापूर, भातकुली, अंजनगाव सुर्जी, अकोट, तेल्हारा, बाळापूर, मूर्तिजापूर, शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद या तालुक्यांच्या मोठ्या भागात पसरला आहे. पूर्णेने आणलेल्या जाड, चिकण गाळातून पाण्याचा निचरा अतिशय मंद होतो आणि क्षार साठत जातात. सातपुड्याच्या पायथ्याशी विहिरींचे पाणी गोडे असते, नदीकडे उतरत गेले की ते मचूळ होते. या मचूळ विहिरींचे पाणी आटवून पूर्वी मीठ काढत. समुद्रापासून दूर असलेल्या वऱ्हाडाने १९३० चा मिठाचा सत्याग्रह अकोला जिल्ह्यातील दहीहंडा येथे केला, तो अशाच खाऱ्या विहिरीच्या जोरावर.

पिण्याच्या पाण्यात एकूण विरघळलेले क्षार, म्हणजे टीडीएस, लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत आणि दुसरा स्रोत नसेल तर २,००० पर्यंत चालतील, असे भारतीय मानक सांगते. दोन हजार टीडीएसचे पाच लिटर पाणी प्याल्यास पोटात दहा ग्रॅम क्षार जातात. ते सगळे खाण्याचे मीठ नसते. तरी जागतिक आरोग्य संघटनेची मिठाची दैनिक मर्यादा पाच ग्रॅम आहे, हे लक्षात घेता ‘भरपूर पाणी प्या’ हा सल्ला इथे दुधारी ठरतो. उकळल्याने जंतू मरतात पण क्षार जात नाहीत, उलट पाणी आटल्याने ते दाट होतात. तुरटीनेही फक्त गढूळपणा खाली बसतो. डाळ न शिजणे ही जडपणाची खूण आहे, खारटपणाची नव्हे.

या पट्ट्यातील मूत्रपिंडविकाराचा संबंध लोक सरळ पाण्याशी जोडतात. उष्णता, मधुमेह, रक्तदाब, वेदनाशामक गोळ्या ही कारणेही सोबत असल्याने एकट्या पाण्यावर दोष ठेवणे घाईचे आहे. पण म्हणून गोड्या पाण्याची मागणी थांबवण्याचे कारण नाही. मुतखड्याच्या रुग्णाला दिवसाला अडीच लिटर लघवी होईल इतके पाणी सांगतात. मूत्रपिंड निकामी होत आलेल्याला किंवा हृदयविकाराच्या काही रुग्णांना मात्र डॉक्टर पाणी मोजून देतात. शेजाऱ्याचा आकडा इथे कामाचा नाही. सहा महिन्यांखालील बाळाला भर उन्हाळ्यातही आईच्या दुधाशिवाय पाणी लागत नाही. जुलाबासाठी क्षारसंजीवनी खाऱ्या पाण्यात कालवल्यास तिचे प्रमाण बिघडते.

गोडे पाणी आता धरणांवरून येते. अमरावती शहराला अप्पर वर्धा, अकोल्याला महानचे काटेपूर्णा, अकोट-तेल्हाऱ्याकडच्या खेड्यांना वान, तर दर्यापूर-अंजनगाव भागाला शहानूर. नळ आला नाही की गावे पुन्हा विहिरीकडे किंवा आरओच्या कॅनकडे वळतात. आरओ यंत्रातून क्षार निघतात, पण उरलेले अधिक खारे पाणी गटारात किंवा जमिनीतच सोडले जाते. बाजारातला टीडीएस मीटर एकूण क्षार दाखवतो. नायट्रेट, फ्लोराइड आणि जंतू त्यावर दिसत नाहीत, त्यासाठी नमुना पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेतच द्यावा लागतो.