कोलचे रविवार

परवा जुन्या वहीत एक आकडा पुन्हा भेटला: १४७५७३९५२५८९६७६४१२९२७. म्हणजे २ चा ६७ वा घात वजा १. १६४४ साली मर्सेन या फ्रेंच पाद्र्याने तो मूळ संख्यांच्या यादीत घातला. १८७६ मध्ये ल्युकाने सिद्ध केलं की ही मूळ संख्या नाहीच. पण अवयव? ते काही त्याला सापडले नाहीत. घडा गळतोय हे कळलं, भोक कुठे ते नाही!

ऑक्टोबर १९०३, न्यूयॉर्क. अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या सभेत फ्रँक नेल्सन कोलने ते अवयव मांडले: १९३७०७७२१ आणि ७६१८३८२५७२८७. बेल सांगतो की कोल एक शब्दही बोलला नाही. फळ्यावर गुणाकार केला आणि टाळ्यांच्या कडकडाटात जागेवर जाऊन बसला. यामागे तीन वर्षांचे रविवार गेले होते म्हणे. (बेलला गोष्टी रंगवायची हौस, तेव्हा थोडा मसाला वजा करून वाचा.)

मीही वही घेऊन गुणायला बसले. दोनदा हातचा चुकला. मग नवाचा ताळा घेतला: दोन्ही अवयवांची बाकी १, गुणाकाराचीही १. ताळा जमला म्हणजे उत्तर बरोबरच असं नाही, म्हणून शेवटी एकेक अंक बोट ठेवून ताडून पाहिला. रविवारची दुपार त्यातच गेली.