रांगत्या बाळाची रात्र

तान्ह्या बाळाच्या झोपेची आपल्या घरांत चोख व्यवस्था असते. सकाळी मालिशवाल्या मावशी येतात, पाटावर पाय लांब करून बसतात, बाळाला पायांवर घेऊन तेल जिरवतात, टाळू भरतात, ऊन पाण्यानं न्हाऊ घालतात. मग अंग शेकायचं, काही घरांत अजूनही धुरी द्यायची, आणि दुपट्यात बांधलेलं गाठोडं आजीच्या हाती सोपवायचं. आजी ते झोळीत घालते, दोन-चार झोके देते, ओठांतल्या ओठांत काही गुणगुणते. पुढचे दोन तास घरात कुणी भांडं आपटायचं नाही.

चौथ्या-पाचव्या महिन्यात हे सगळं आवरतं घेतलं जातं. बाळंतीण माहेराहून सासरी आलेली असते, मावशींनी दुसरं घर धरलेलं असतं. बाळ पालथं पडू लागतं, बसतं, रांगतं, झोळीच्या काठावरून डोकं काढून बघतं. ‘आता मोठं झालं, झोपेल आपलं आपण,’ असं म्हणून त्याच्या झोपेचा सगळा विधी आपण गुंडाळून ठेवतो. आणि ते झोपत नाही. रात्री अकराला टीव्हीच्या वायरीशी खेळत असतं, दोनला रडत उठतं, पहाटे चारला पुन्हा. हे पुस्तक अशा बाळांबद्दल आहे, साधारण सहा महिने ते दीड वर्ष या वयाच्या.

बालनिद्रेचा अभ्यास हे नाव भारदस्त वाटलं तरी त्याचं वय फार नाही. शिकागो विद्यापीठातले नथॅनिएल क्लाइटमन हे या घराण्याचे मूळ पुरुष. माणसाच्या झोपेचं चक्र बदलता येतं का, हे पाहायला हे गृहस्थ १९३८ साली एका सहकाऱ्यासह केंटकीतल्या मॅमथ गुहेत महिनाभर जाऊन राहिले होते. त्यांचा विद्यार्थी युजीन असेरिन्स्की झोपलेल्या बाळांच्या पापण्या तासन्‌तास न्याहाळत बसे. बंद पापण्यांखाली बुबुळं भराभर हलतात अशी, स्वप्नांशी नातं असलेली रेम झोप १९५३ साली या दोघांनी जगापुढे मांडली, तिची वाट अशी पाळण्यावरून गेली. त्याच वर्षी क्लाइटमन आणि एंगेलमन यांनी १९ बाळांच्या झोपेची आठवड्यांमागून आठवडे ठेवलेली नोंदही छापली.

त्या नोंदींतली एक गोष्ट अर्नाळ्याच्या किंवा पाचूबंदरच्या कोळ्याला समजावून सांगावी लागणार नाही. भरती रोज सुमारे ५० मिनिटं उशिरा येते आणि होडी त्या हिशेबानं निघते. अगदी लहान बाळाची झोपही काही आठवडे अशीच सरकत राहू शकते, कारण त्याचा आतला दिवस २४ तासांहून थोडा मोठा असतो. तिसऱ्या-चौथ्या महिन्याच्या सुमारास मेंदूतलं घड्याळ उजेड-अंधाराशी जुळू लागतं. बाळ भरतीचं वेळापत्रक सोडून सूर्याचं धरतं. म्हणून दिनक्रम लावायचा तो त्यानंतर. महिन्याभराच्या बाळाला वेळापत्रक लावणाऱ्या उत्साही बापांना मी नेहमी दम धरायला सांगतो.

थॉमस अँडर्स या अमेरिकी संशोधकानं बाळांच्या घरी कॅमेरे लावून रात्रीचं चित्रण केलं आणि १९७९ साली निष्कर्ष छापले. ‘रात्रभर झोपतं’ असं ज्यांच्याबद्दल सांगितलं जाई ती बाळंही कॅमेऱ्यात जागी होताना दिसली. उठायची, इकडेतिकडे बघायची, पुन्हा झोपायची. बाकीची उठून रडायची. बहुतेक बाळं जागी होत होती, फरक होता तो हाक मारण्याचा. बाळाच्या झोपेचं एक आवर्तन साधारण तासाभराचं असतं आणि ते संपताना झोप पातळ होते. त्या क्षणी बाळ झोप लागतानाची परिस्थिती शोधतं. छातीशी झोप लागली असेल तर छाती, झोक्यावर लागली असेल तर झोका.

आमच्या आजीनं झोळीची दोरी पायाच्या अंगठ्याला बांधलेली असे. झोळी थांबली की बाळ कुरकुरे, बाळ कुरकुरलं की आजीचा पाय अर्धवट झोपेत हले. अँडर्स यांच्या कॅमेऱ्यानं त्या रात्री पाच-सहा जागरणं टिपली असती. आजीला विचारलं असतं तर ‘गप निजलं हो’ म्हणाली असती. या शास्त्रातला ‘झोपेचा प्रश्न’ बराचसा असा, दोरी कुणाच्या अंगठ्याला आहे यावर ठरतो. सकाळी ज्या आईला गाडी पकडायची आहे, तिचा अंगठा तेवढा मोकळा नसतो.

दिनक्रमाचा सर्वांत सरळ पुरावा २००९ सालचा आहे. जोडी मिंडेल आणि सहकाऱ्यांनी ४०५ आया आणि त्यांची बाळं घेतली. त्यांतल्या काहींना रोज रात्री एकाच क्रमानं तीन गोष्टी करायला सांगितल्या: अंघोळ, मालिश, मग दिवा मंद करून अंगाई किंवा कुशीत घेणं. दोन आठवड्यांत बाळं लवकर झोपू लागली, रात्रीचं उठणं कमी झालं आणि आयांचा वैतागही उतरला. (अभ्यासाला पैसा बाळांची तेलं-साबण करणाऱ्या कंपनीचा होता, हे वाचकानं ध्यानात ठेवावं.) मी तो निबंध पहिल्यांदा वाचला तेव्हा हसलोच. तेल, ऊन पाणी, अंगाई हा तर आमच्या मावशींचा आणि आजीचा क्रम! फक्त आपण तो सकाळी नऊला वापरतो आणि बाळ पाच महिन्यांचं झालं की मोडीत काढतो. तोच क्रम रात्री हलवावा आणि दीड-दोन वर्षांपर्यंत चालवावा, या पुस्तकाचं म्हणणं जवळपास एवढंच आहे. रात्री पूर्ण अंघोळ नको वाटली तर ओल्या कपड्यानं अंग पुसणंही पुरतं. महत्त्व क्रमाला आहे. धुरी मात्र कायमची सोडावी. बाळाच्या फुप्फुसांना धूर नको, मग तो ओव्याचा का असेना.

आता आमच्या वसईची अडचण. परदेशी पुस्तकं बाळाला संध्याकाळी सातला निजवायला सांगतात. २०१० साली भारतासह १७ देश-प्रदेशांतल्या २९ हजारांवर कुटुंबांची तुलना प्रसिद्ध झाली. तीत न्यूझीलंडची बाळं सरासरी साडेसातच्या सुमारास झोपत होती, हाँगकाँगची सव्वादहाला. आपण हाँगकाँगच्या बाजूचे, आणि त्याला कारण आहे. १९९२ साली चर्चगेट ते बोरिवली अशी सुरू झालेली लेडीज स्पेशल पुढे विरारपर्यंत आली, यातच इथल्या बायकांची रोजची कहाणी आली. चर्चगेट ते वसई सुमारे ५० किलोमीटर. सहाला कार्यालयातून निघालेली बाई गाडीत भाजी निवडत, स्टेशनबाहेर रिक्षाच्या रांगेत उभी राहत आठ-साडेआठला घरी पोचते. २०१७ च्या दुरुस्तीनं प्रसूतिरजा २६ आठवड्यांची झाली; म्हणजे बाळ रांगायच्या बेतात येतं आणि आई पुन्हा गाडीला लटकते. (वसई पूर्वेच्या गाळ्यांत रोजावर काम करणारीला हा २६ चा आकडा ऐकून हसू येईल.) दिवसभर आई न दिसलेलं बाळ रात्री तिला सोडत नाही, दिवसाचं दूध रात्री वसूल करतं. त्याला हट्ट म्हणणं अन्यायाचं आहे.

अशा घरात सातचा आग्रह धरला तर आईला बाळ रविवारीच जागं दिसेल. माझं मत असं की साडेनऊ चालेल, पण ते रोज साडेनऊच हवं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ साली दिलेला हिशेब चार ते अकरा महिन्यांच्या बाळाला दिवसरात्र मिळून १२ ते १६ तास आणि त्यापुढे दोन वर्षांपर्यंत ११ ते १४ तासांचा आहे. रात्री साडेनऊ ते सकाळी सात आणि दिवसा अडीच-तीन तास, एवढ्यात तो बसतो. त्यासाठी सकाळची उठण्याची वेळ पक्की हवी, रविवारीसुद्धा. उठल्यावर बाळाला गॅलरीत किंवा वाडीत उजेडात न्यावं. रात्रीची वेळ सकाळच्या उजेडाला बांधलेली असते. संध्याकाळ सुरू झाल्याची खूण तर वसईत आयती आहे. एका आळीत दिवेलागणीला शुभंकरोती चालू असतं, पलीकडे चर्चची घंटा होते. तिथून टीव्ही आणि मोबाइल कमी करत जावं, घरचे दिवे मंद करावेत. तिन्हीसांजेला बाळ किरकिरलं की दृष्ट काढण्याची रीत आहे. मीठ-मोहऱ्या जरूर ओवाळा, पण त्या दिवशी दुपारची झोप बुडाली होती का तेही विचारा.

तो प्रश्न बहुधा पाळणाघरातल्या मावशींना विचारावा लागतो. झोप दोन गोष्टींनी येते: जागेपणी साठत जाणारी झोपेची भूक आणि आतलं घड्याळ. आलेक्सांडर बोर्बेली यांनी १९८२ साली मांडलेलं हे प्रारूप आजही पाया मानलं जातं. पाळणाघरात बाळ साडेसहापर्यंत झोपलं, तर रात्री साडेनऊला त्याची भूक साठलेलीच नसते आणि घरचे मात्र बाळाला नावं ठेवतात. पाळणाघराला शिक्षणाचा भाग मानण्याची परंपरा आपल्याच जिल्ह्यात आहे. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं. पुढे कोसबाडच्या टेकडीवर अनुताई वाघांसह त्यांनी चालवलेल्या विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एकाच छपराखाली आल्या. बाळ सांभाळणारी बाई ही शिक्षिका आहे असं ज्यांनी मानलं, त्यांच्या जिल्ह्यात मावशींना दुपारच्या झोपेबद्दल कुणी विचारत नाही, याची मला खंत वाटते.

या शास्त्रात भांडणंही आहेत. रिचर्ड फर्बर यांनी १९८५ च्या पुस्तकात बाळ रडलं तर थोडं थोडं थांबून जवळ जायला सांगितलं. जेम्स मॅकेना यांचं सारं काम आई-बाळ जवळ झोपण्याच्या बाजूचं. एका खोलीत पाच माणसं झोपतात तिथे पहिला मार्ग भिंतीपलीकडच्या शेजाऱ्यांमुळेच बाद होतो, आणि त्यात कमीपणा काही नाही. सुश्रुतसंहितेतही बाळाला एकाएकी जागं करू नये, ते घाबरतं, अशी सूचना आहे; रात्री उशिरा आलेल्या बापांनी ती पाळावी.

सुरक्षिततेबद्दल मात्र वाद नाही. वर्षाच्या आतलं बाळ पाठीवर, कडक गादीवर निजवावं. तोंडाजवळ गोधडी, मऊ उशी, राईची उशीसुद्धा नको. कुशीत घेऊन झोपणाऱ्यानं विडी-सिगारेट किंवा दारू घेतलेली नसावी. बसू लागलेल्या बाळाला झोळी बंद. रोज घोरणारं, झोपेत श्वास अडखळणारं किंवा पांढुरकं दिसणारं बाळ डॉक्टरांना दाखवावं. तिथे दिनक्रम कामाचा नाही.

पहिलं प्रकरण उघडण्याआधी एक काम करा. शंभर पानी वही घ्या आणि सात दिवस फक्त लिहा: बाळ केव्हा झोपलं, कुणाजवळ झोपलं, केव्हा उठलं, दुपारी किती वेळ निजलं. पाळणाघरातल्या मावशींकडेही एक पान द्या. या सात दिवसांत काही बदलू नका. आणि वही उंचावर ठेवा, रांगती बाळं कागद खातात.