गोयल, पीयूष वेदप्रकाश
(१३ जून १९६४ – ). भारतीय राजकारणी, मूळचे सनदी लेखापाल व इन्व्हेस्टमेंट बँकर. जन्म मुंबईत. आई चंद्रकांता माटुंग्याच्या आमदार होत्या, वडील वेदप्रकाश केंद्रीय मंत्री होते. म्हणजे राजकारण घरातलेच. स्टेट बँक व बँक ऑफ बडोदाच्या संचालक मंडळांवर पीयूष यांनी काम केले. अर्थमंत्री अरुण जेटली यांच्या आजारपणात २०१८ व २०१९ मध्ये अर्थखाते दोनदा तात्पुरते गोयल यांच्याकडे आले. अंतरिम अर्थसंकल्प एरवी निवडणुकीपुरती खर्चाची सोय असतो. गोयल यांनी १ फेब्रुवारी २०१९ रोजी मांडलेला तसा नव्हता. त्यात होते पाच लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर पूर्ण करसवलत, अल्पभूधारकांना वर्षाला ६,००० रुपये. २०२४ मध्ये ते उत्तर मुंबईतून लोकसभेवर निवडून आले.